पेरणीआधी दिलेला शब्द

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडच्या भागात एका फूड बँकेच्या खरेदी विभागात मी काम करते. फूड बँक म्हटलं की दानात आलेले डबे आणि पास्त्याची पाकिटं डोळ्यांसमोर येतात, आणि आमच्या कोठारात तेही भरपूर असतं. माझं काम मात्र वेगळं आहे. मी आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून कोबी, कांदे, सफरचंदं, अंडी रास्त भावानं विकत घेते आणि त्यासाठीचा पैसा सरकारकडून येतो. ओळखीतल्या मराठी मंडळींना याचं नवल वाटतं. फुकट वाटायचं ते विकत कशाला घ्यायचं, शेतकरी उरलंसुरलं देत नाहीत का, असं विचारतात. देतात, मनापासून देतात. पण उरलंसुरलं मिळणं आणि आपल्यासाठी पिकवून घेणं यात किती अंतर आहे ते मला या कामात कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फूड बँक लोकांना थेट फारसं वाटत नाही. ती घाऊक कोठार असते. तिथून छोट्या पॅन्ट्री म्हणजे गरजूंना घरी न्यायला शिधा देणारी केंद्रं, चर्च, अन्नछत्रं माल नेतात. १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात पहिली फूड बँक निघाली ती वाया जाणारं अन्न सत्कारणी लागावं म्हणून, आणि पुढे कित्येक वर्षं सगळा कारभार त्याच पायावर चालला. शेतातून थेट माल मिळवण्यासाठीच्या सरकारी मदतीचंही वळण बरंचसं तेच राहिलं. २०१८ च्या शेती कायद्यात शेतातला माल फूड बँकेपर्यंत आणायला केंद्रानं निधी ठेवला, पण त्यातून तोडणी, पॅकिंग, वाहतूक एवढाच खर्च भागवायचा. माल शेतकऱ्यानं दान द्यायचा. म्हणजे ट्रकवाल्याला पैसे, खोकी पुरवणाऱ्याला पैसे, आणि ज्यानं पिकवलं त्याच्या हातावर काही नाही.

हे बदललं कोविडमध्ये. २०२० च्या एप्रिलात शाळा आणि हॉटेलं बंद झाल्यामुळे आमच्या भागातले दूधवाले टँकरच्या टँकर दूध शेतात ओतून देत होते, आणि त्याच आठवड्यांत अन्न घ्यायला आलेल्या गाड्यांच्या रांगा रस्त्यावर लांबच लांब लागत होत्या. राज्यानं तेव्हा 'नरिश न्यूयॉर्क' जाहीर केलं. फूड बँकांना सुरुवातीला अडीच कोटी डॉलर, आणि अट एवढीच की त्यातून न्यूयॉर्कच्या शेतकऱ्यांचा माल विकत घ्यायचा. २०२१ च्या नोव्हेंबरात त्याचा कायदा झाला आणि योजना कायमची झाली. पाठोपाठ डिसेंबरात केंद्राच्या कृषी खात्यानं, यूएसडीएनं, 'लोकल फूड पर्चेस असिस्टन्स' ही योजना आणली. महामारीच्या मदत कायद्यातले ४० कोटी डॉलर राज्यांना आणि आदिवासी सरकारांना वाटून द्यायचे. नंतर त्यात जवळपास ५० कोटींची भर पडली. अटी अशा होत्या की माल त्याच राज्यातला किंवा जिथे पोचवायचा तिथून ४०० मैलांच्या आतला हवा, फारशी प्रक्रिया केलेला नसावा, आणि आजवर डावलल्या गेलेल्या छोट्या शेतकऱ्यांना त्यात खास जागा हवी. न्यूयॉर्कनं आपल्या वाट्याच्या पैशातून संस्थांकडून अर्ज मागवले. आमचाही अर्ज मंजूर झाला आणि शेतकरी शोधण्याचं काम माझ्याकडे आलं.

अर्जात भाज्यांची नावं लिहिणं सोपं असतं. खरी कसोटी शेतकरी आपल्याला विकायला तयार आहे का, ही. मोठे बागायतदार पटकन तयार झाले. त्यांच्याकडे माणसं असतात, फूड सेफ्टीचं प्रमाणपत्र असतं, विमा असतो, इनव्हॉइस ईमेलनं येतं. पण सगळा पैसा त्यांच्याकडेच गेला असता तर योजनेचा निम्मा उद्देश बाजूला पडला असता. म्हणून मी येट्स काउंटीत, पेन यान गावाच्या आसपास फिरायला लागले.

फिंगर लेक्स नावाच्या तळ्यांच्या या पट्ट्यात जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांची शेती आहे. घोडागाडीनं जातात, ट्रॅक्टरला लोखंडी चाकं असतात. घरी फोन असतो. कॉम्प्युटर नाही, ईमेल नाही. भाजी अशी पिकवतात की बघत राहावं. ज्या शेतकऱ्याकडे मी पहिल्यांदा गेले त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "हे सरकारचं अनुदान आहे का? आम्ही सरकारची मदत घेत नाही." मी सांगितलं, मदत नाही, विक्री आहे. तुम्ही कोबी द्याल, आम्ही त्याची किंमत देऊ. माल उतरला नाही किंवा खराब निघाला तर पैसे मिळणार नाहीत, बाजारात असतं तसंच. त्यानं थोडा विचार केला, मुलाला हाक मारली आणि मला शेत दाखवायला घेऊन गेला. पुढे कितीतरी बैठकांत मी या योजनेची भलामण ऐकली, पण तिचं मर्म मला त्या अंगणात सगळ्यांत स्पष्ट कळलं. शेतकऱ्याचा मान राखून गरजवंताच्या ताटात भाजी पडते, आणि दोघांपैकी कुणालाही हात पसरावा लागत नाही.

शेत पाहणं हा उपचार नसतो. माझ्याकडे यादी असते. पाण्याची ई-कोलाय जंतूंसाठी तपासणी झाली आहे का, हात धुवायची सोय शेताजवळ आहे का, क्रेट धुता येतील असे आहेत की मोडक्या लाकडी पेट्या, आणि खत. कच्चं शेणखत घातलं असेल तर मातीला लागून वाढणाऱ्या पिकाची तोडणी १२० दिवसांनंतरच व्हायला हवी. त्या शेतकऱ्याकडे संगणकाची नोंद नव्हती, पण धान्याच्या कोठीच्या दाराआड खिळ्याला एक वही अडकवलेली होती. त्यात कुठल्या तुकड्यात कोणत्या तारखेला खत घातलं, लावणी कधी झाली, पहिलं पाणी कधी दिलं, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. मी तारखा मोजल्या. काटेकोर बरोबर होत्या. मोठ्या फार्मच्या छापील फाइली मी पाहिल्या आहेत. या वहीवर माझा तितकाच विश्वास बसला.

विम्याचं मात्र अडलं. आमच्या नियमांप्रमाणे माल पुरवणाऱ्याकडे उत्पादनाच्या जबाबदारीचा विमा हवा, बहुधा दहा लाख डॉलरचा. ही मंडळी विमा कंपनीची पॉलिसी घेत नाहीत. कुणाचं नुकसान झालं तर समाज मिळून भरून देतो, हीच त्यांची रीत. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असा शेतकरी कधी आलाच नसणार. आमच्या आर्थिक व्यवहार पाहणाऱ्या सहकाऱ्यानं आणि विमा सल्लागारानं यात खूप मनापासून लक्ष घातलं. अखेरीस असं ठरलं की न कापलेली, न धुता विकली जाणारी, टिकाऊ भाजी म्हणजे कोबी, भोपळा, बीट, कांदे कमी जोखमीची धरायची आणि ती आमच्याच पॉलिसीच्या छत्राखाली घ्यायची. पालेभाजी त्यांच्याकडून घ्यायची नाही. सगळ्यांना हे पटलं नाही. मला पटलं, कारण यातून वाट निघाली आणि कुणाच्या श्रद्धेला धक्का लागला नाही.

आता भाव. हा माझ्या कामातला सगळ्यांत नाजूक भाग. सरकारी पैसा असल्यामुळे ठरावीक रकमेच्या वर खरेदी गेली की कोटेशनं मागवावी लागतात आणि भाव वाजवी होता हे कागदावर दाखवावं लागतं. सगळ्यांत कमी भाव बघायचा म्हटलं तर छोटा शेतकरी पहिल्याच फेरीत बाद. म्हणून आम्ही यूएसडीएच्या बाजारभावाचे रोजचे अहवाल आणि भाजीच्या लिलावातले भाव शेजारी ठेवतो आणि शेतकऱ्याला त्याचा खर्च विचारतो. बियाणं, रोपं, मजुरी, खोकं, शीतगृह. सुरुवातीला बरेच जण स्वतःहून भाव पाडून सांगत. गरिबांसाठी आहे ना, मग थोडं कमी चालेल, म्हणत. मी त्यांना विनवून सांगते की दान द्यायचं असेल तर वेगळं द्या, त्याची पावती वेगळी; विक्रीचा भाव पुढच्या वर्षीही तुम्हाला परवडेल असाच लावा. परवडलं नाही तर पुढच्या वर्षी तुम्ही नसाल, आणि मग आम्ही कुणाकडे जायचं?

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. फूड बँकेत सगळं पौंडात मोजतात. किती पौंड आलं, किती पौंड गेलं, पौंडाला किती खर्च पडला. कोबीचा एक पॅलेट, म्हणजे लाकडी फळीवर रचलेला ढीग, हजार पौंडांच्या घरात सहज जातो, त्यामुळे हिशेबात कोबी नेहमी शहाणा ठरतो. पण आमच्या शहरातल्या पॅन्ट्रींत भूतानहून विस्थापित होऊन आलेली नेपाळीभाषक कुटुंबं येतात, बर्मी आणि सोमाली कुटुंबं येतात. त्यांच्यापैकीच काही जण भाड्याच्या जमिनीत भाजी पिकवतात. रायो साग म्हणजे मोहरीचा पाला, मुळा, मिरच्या, दुधी. मोहरीच्या पाल्याच्या जुड्या पॅलेटभर रचल्या तरी वजन भरत नाही, आणि पौंडाचा भाव कोबीपेक्षा कितीतरी महाग दिसतो. पहिल्या तिमाहीच्या अहवालावर बोलताना मला विचारलं गेलं, ही खरेदी का चालू ठेवायची? मी पॅन्ट्रीतून आलेली दुसरी नोंद पुढे ठेवली. दुपार टळायच्या आत मोहरीचा पाला संपायचा, आणि कोबीचे गड्डे संध्याकाळी खोक्यात शिल्लक असायचे. जे घरी नेऊन शिजवलं जातं तेच अन्न पोचलं म्हणायचं. तेव्हापासून आम्ही पौंडांबरोबर किती कुटुंबांनी उचललं तेही लिहितो. हा एवढासा बदल मिळवायला मला जितकं भांडावं लागलं तितकं दुसऱ्या कशासाठी नाही, आणि त्याचा मला फार आनंद आहे.

माल येण्याच्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. पॅलेट ४८ बाय ४० इंचांचा हवा, नाहीतर आमच्या रॅकमध्ये बसत नाही. पाला गाडीतून उतरतानाच थंड हवा. वजन आमच्या काट्यावर पुन्हा होतं. मेनोनाइट शेतांवर आमचाच ट्रक जातो, कारण घोडागाडीनं एवढा माल शहरात येणार कसा? इनव्हॉइस कार्बनच्या पावतीपुस्तकातलं, हातानं लिहिलेलं. ऑडिटला ते चालतं का, याची मलाही धास्ती होती. चालतं. तारीख, नाव, माल, वजन, दर आणि एकूण रक्कम एवढं असलं की पुरे. ऑडिट करायला आलेल्या बाईंनी ती गुलाबी पानं एकेक करून उलटली आणि आमच्या काट्याच्या नोंदींशी ताडून पाहिली. सगळी जुळली.

पैशाची वाट मात्र उलटी आहे, हे बाहेर फारसं माहीत नसतं. आधी आम्ही शेतकऱ्याला द्यायचे, मग कागद जोडून सरकारकडे परतफेड मागायची. ती यायला काही महिने जातात. शेतकऱ्याला काही महिने थांबवणं शक्य नाही. त्याला शुक्रवारी मजुरांचे पगार करायचे असतात. तेव्हा मधला भार फूड बँकेच्या खात्यावर पडतो. आमच्याकडे तेवढी गंगाजळी आहे. खेड्यातल्या एकट्या पॅन्ट्रीकडे नसते, म्हणून त्या पॅन्ट्रीला ही योजना स्वतःच्या नावावर चालवता येत नाही. पहिला हप्ता आगाऊ द्यावा अशी सूचना आम्ही प्रत्येक अहवालात लिहीत आलो आहोत.

पहिल्याच हंगामात, २०२३ च्या मे महिन्यात, १७ तारखेच्या रात्री कडाक्याचं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव पडलं. सफरचंदाला फळ धरत होतं, द्राक्षाला कोवळी फूट होती. राज्यभर बागा काळवंडल्या. आमच्याशी करार केलेल्या एका बागाईतदाराचा सकाळी फोन आला, आवाज ओळखू येत नव्हता. करारात ठरलेली खोकी देणं त्याला शक्यच नव्हतं. सुपरमार्केटच्या करारात अशा वेळी माल नाकारतात आणि विषय संपतो. आम्ही राज्याच्या अधिकाऱ्यांशी बोलून करार बदलून घेतला. आकडा कमी केला आणि प्रतीची अट सैल केली. दहिवरानं फळाच्या सालीवर तपकिरी खरबरीत पट्टे उमटतात. दुकानात ते फळ कुणी हातात धरत नाही, चवीत काडीचा फरक नसतो. त्या वर्षी आम्ही पट्टे असलेली सफरचंदं घेतली आणि दुय्यम मालाच्या भावानं नाही, ठरल्या भावानं घेतली. पॅन्ट्रींना आधी एक चिठ्ठी पाठवली की पट्टे का आहेत. एकही खोकं परत आलं नाही.

दुसऱ्या हंगामापासून आमची घडी बसली. जानेवारीत प्रत्येक शेतकऱ्याबरोबर बसायचं, कुठलं पीक, किती, कोणत्या आठवड्यांत, काय भावानं, हे ठरवायचं आणि पत्र द्यायचं. जानेवारीतच का? कारण बियाणं तेव्हा मागवतात. मार्चमध्ये काचघरात रोपं टाकतात, मेच्या मध्यापर्यंत हिमाची भीती असते, साठवणीचा कोबी जूनमध्ये लावतात आणि ऑक्टोबरात काढतात. जानेवारीत दिलेल्या शब्दावर शेतकरी अर्धा एकर जास्त लावायचं ठरवतो, शीतगृहाची दुरुस्ती काढतो, एखादा माणूस जास्तीचा सांगून ठेवतो. काहींनी तर आमचं पत्र बँकेत दाखवून हंगामी कर्ज घेतलं. उरलेला माल आम्ही सप्टेंबरात उचलला असता तर यातलं काहीच झालं नसतं. सरकारी पैशाचं मोल मी त्या जानेवारीच्या पत्रात मोजते. मालाचे डॉलर त्यानंतर.

म्हणूनच २०२५ चा मार्च इतका लागला. आधीच्या ऑक्टोबरात यूएसडीएनं योजनेचा पुढचा टप्पा जाहीर केला होता. त्या भरवशावर आमच्या जानेवारीच्या बैठका झाल्या. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात कळलं की हा टप्पा रद्द. फूड बँकांचे सुमारे ४२ कोटी डॉलर आणि शाळांना स्थानिक माल घेण्यासाठीचे सुमारे ६६ कोटी, दोन्ही गेले. कारण सांगितलं गेलं की खात्याच्या आताच्या प्राधान्यक्रमात हे बसत नाही. आधीच्या करारांतला शिल्लक पैसा वापरायची मुभा राहिली, पण तो किती पुरणार? कुणाच्या धोरणाबद्दल मतभेद असू शकतात. निर्णय घ्यायचाच होता तर बियाणं विकत घेण्याआधी घ्यायला हवा होता. मार्चपर्यंत रोपं ट्रेमध्ये उगवून वर आली होती.

पुढचे काही दिवस मी फोन करत होते. नेपाळी शेतकऱ्यांच्या गटातल्या ताईंनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती घ्याल तेवढं तरी आज सांगा." त्यांना सहानुभूती नको होती, आकडा हवा होता. मेनोनाइट शेतकऱ्यानं फोनवर इतकंच सांगितलं की रोपं तर झाली आहेत, ती तो लिलावात नेईल, आणि पुढच्या वर्षी आमच्यासाठी वेगळा तुकडा ठेवणार नाही. त्याचं काहीच चुकलं नाही. शब्द फिरला की शेतकऱ्याला स्वतःचं बघावंच लागतं.

राज्याची योजना मात्र कायद्यात असल्यामुळे टिकली, आणि तिच्यातल्या पैशातून आम्ही त्या वर्षीची पत्रं शक्य तितकी पाळली. मोहरीच्या पाल्याचा आकडा कायम ठेवला, कोबीचा कमी केला, अंडी थांबवली. अंडी थांबवताना फार जड गेलं, कारण पॅन्ट्रीत सगळ्यांत आधी अंडी विचारतात.

राज्याच्या पैशातही एक अडचण आहेच. न्यूयॉर्कचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि अंदाजपत्रक बरेचदा त्याच्याही नंतर मंजूर होतं. योजना कायम असली तरी यंदा किती रक्कम, हे जानेवारीत कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्या संचालक मंडळापुढे मी हे मांडलं आणि देणग्यांतून एक राखीव रक्कम वेगळी काढायला त्यांनी मान्यता दिली. जानेवारीच्या पत्राला आता त्या रकमेचा आधार आहे. सरकारी पैसा आला की ती परत भरायची, आला नाही तरी शेतकऱ्याला दिलेलं पत्र फिरवायचं नाही. रक्कम मोठी नाही. सगळ्यांना पुरत नाही, म्हणून पालेभाजीवाल्या छोट्या गटांना आधी आणि मोठ्या बागाईतदारांना नंतर, असा क्रम लावला आहे. अंदाजपत्रकाच्या सुनावणीसाठी राज्याच्या राजधानीला, ऑल्बनीला जे निवेदन पाठवलं त्यात मी दोनच मागण्या लिहिल्या. रक्कम दोन वर्षांची एकदम मंजूर करा, आणि छोट्या पॅन्ट्रींना पहिला हप्ता आगाऊ द्या. सोबत पेन्सिलीनं लिहिलेल्या त्या वहीच्या एका पानाची प्रत जोडली आहे, शेतकऱ्याची परवानगी घेऊन, त्याचं नाव झाकून. लावणीच्या तारखा वाचल्या की जानेवारीचा आग्रह का आहे ते समजतं.